खुंट अमेरिकन, काडी तासगावची

आमच्या घरात दोन सख्खी भावंडं आहेत आणि दोघांचे देश वेगळे आहेत. सईचा जन्म मिरजेचा, तिच्या पाठचा ईशान न्यूजर्सीत झाला. माझ्या धाकट्या दिरांची ही नातवंडं; मला दोघंही मोठी आज्जी म्हणतात. आईबाप तेच, आडनाव तेच, पिठल्यावर तुटून पडणंही सारखंच. सई कडेवर असतानाच तिकडे गेली, त्यामुळे तिला मिरज आठवत नाही, आणि मराठी बोलताना दोघंही ‘ळ’ पाशी सारखीच अडखळतात. पासपोर्टसुद्धा दोन्ही निळेच. पर्समधून काढताना त्यांची आई हमखास उलटसुलट करते आणि काउंटरवरचा माणूस वैतागतो.

मी सांगलीतल्या एका हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. नागरिकशास्त्र हा पोरांच्या लेखी पेपरच्या आदल्या रात्री उरकायचा विषय. ती पोरं आता स्वतः आईबाप झालीत, कुणी म्युनिकला, कुणी सिडनीला, कुणी मस्कतला, आणि बाळ झालं की फोन मला येतो. “मॅडम, बाळाचं आता कसं करायचं?” वर्गात नागरिकत्वाच्या धड्याला जांभया देणारा मुलगा रात्री अकरा वाजता जन्मदाखला, पासपोर्ट, दूतावास असले शब्द घाईघाईने विचारतो तेव्हा मला खरं तर हसू येतं. पण प्रश्न हसण्यावारी न्यावा असा नसतो. पोटातून बाहेर आलेल्या जिवाला आपण कुठल्या देशाचे हे ठाऊक नसतं, आणि देशाला मात्र ते त्याच दिवशी ठरवायचं असतं.

शिवाय प्रत्येक देशाची रीत वेगळी. म्युनिकवाल्याला सांगितलं, तुमच्यापैकी एकाचं तिथलं कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचं असेल आणि कायम राहण्याचा परवाना असेल तर बाळ जन्मतः जर्मन. २०२४ च्या जूनपर्यंत ही अट आठ वर्षांची होती. सिडनीवालीला सांगितलं, तू किंवा तुझा नवरा नागरिक किंवा कायमचा रहिवासी नसाल तर बाळ ऑस्ट्रेलियन नाही. पण पहिली दहा वर्षं ते तिथेच राहिलं तर दहाव्या वाढदिवसाला आपोआप होतं. मस्कतच्या नर्सबाईंचं सगळ्यात सोपं. आखातात बाप परदेशी असेल तर मूल परदेशीच, मग ते तिथेच जन्मून तिथेच म्हातारं का होईना. तिच्यासारख्यांना एकच काम: वर्षाच्या आत भारतीय दूतावासात बाळाची नोंद. वर्ष उलटलं तर दिल्लीची परवानगी, आणि ती कधी येईल ते दिल्लीच जाणे.

अमेरिकेचं न्यारं. तिथे यादवी युद्ध संपल्यावर, मुक्त झालेल्या गुलामांना कुणी ‘तुम्ही इथले नाही’ म्हणू नये म्हणून १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती झाली: जो अमेरिकेच्या भूमीवर जन्मला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात आहे, तो अमेरिकन. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क नावाचा एक स्वयंपाकी चीनला जाऊन परत आला, तर त्याला बंदरातच अडवलं. आईबाप चिनी, म्हणजे तूही चिनी. तो कोर्टात गेला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा माणूस जन्माने अमेरिकन आहे. त्या काळात चिनी मजुरांना तिथे येऊ देत नव्हते, चिन्यांना नागरिकत्वही देत नव्हते. तरी त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलाला दिलं. आमचा ईशान या स्वयंपाक्याचा देणेकरी आहे असं मी त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “ही वॉज अ शेफ?” आणि विषय पिझ्झ्यावर गेला.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी शपथ घेतली त्याच दिवशी फर्मान काढलं. आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर बाळाला नागरिकत्व नाही. महिनाभरानं, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून जन्मणाऱ्यांना लागू. बेकायदा घुसणाऱ्यांबद्दल असेल असं समजून आमच्याकडचे लोक सुरुवातीला निवांत होते. मग कळलं की नोकरीवाल्यांचा एच-वन-बी म्हणजेसुद्धा तात्पुरताच व्हिसा. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. बाळंतपणासाठी तिकडे जायला बॅग भरून बसलेल्या आज्यांचे चेहरे उतरले. तारखेच्या आत सिझेरियन करून घ्यायला निघालेल्या भारतीय जोडप्यांच्या बातम्या आल्या. पंचांग पाहून मुहूर्तावर सिझेरियन करणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण राष्ट्राध्यक्षाच्या सहीवरून काढलेला मुहूर्त पहिलाच. कोर्टांनी फर्मान लगोलग रोखलं, वाद वर चढत गेला आणि डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला घेतला.

ईशानला यातलं काही लागू नाही, तो आधीच जन्मलाय. काळजी सईची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फर्मान काढलेलं नाही. बापाच्या व्हिसावर अवलंबून असलेली मुलं एकवीस वर्षांची झाली की त्या व्हिसातून बाहेर पडतात. तोवर ग्रीन कार्ड हाती आलं तर ठीक. पण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, मग तो देश भारत असो की आइसलँड; त्यामुळे आपल्या लोकांची रांग दशकांची झालीय. सई तिथल्या बालवाडीपासून शिकली, रोज सकाळी वर्गात उभं राहून तिथल्या झेंड्याला वंदन केलं, आणि दोन-चार वर्षांनी तिला त्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून व्हिसा मागावा लागेल, नाहीतर बॅग भरावी लागेल. गंमत अशी की ईशान एकवीसचा झाला की आईबापांसाठी अर्ज करू शकेल आणि त्यांचं काम लवकर होईल. बहिणीसाठीही करू शकेल, पण भावंडांची रांग भारतीयांसाठी पंधरा-वीस वर्षांची. “म्हंजे दादा आधी, ताई मागनं,” असं आमच्या जाऊबाई म्हणाल्या. सईच थोरली आहे हे कुणी त्यांना लक्षात आणून दिलं नाही.

आता दुसरी बाजू. दिरांची तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन गेली तेव्हापासून त्यांच्या डोक्यात वाटणीचं चाललंय. ऑक्टोबर छाटणी उरकली तसे ते एक दिवस माझ्याकडे आले. म्हणाले, “वैनी, विहिरीकडचा एक एकर दोन्ही पोरांच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकतो. आपल्या हातानं दिलेलं बरं. तुम्ही चला, वकील काय विंग्रजी बोलला तर तुम्हाला कळंल.”

वकिलांचं ऑफिस रजिस्टर ऑफिससमोरच्या गाळ्यात. बाकड्यावर सातबाराच्या उताऱ्यांची चळत, झेरॉक्सवाल्याचं मशीन सुरू, आणि एका कोपऱ्यात कुणाच्या तरी बेदाण्याच्या सॅम्पलची पुडी उघडी पडलेली, येणारा-जाणारा त्यातले दोन-चार उचलत होता. दिरांनी सातबारा, आठ-अ, आधार, सगळं नीट लावून आणलेलं. वकिलांनी कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, “पोरं कुठं असतात?” मग दुसरा, “पासपोर्ट कुठला?” दिरांनी दोन्ही सांगितलं तसं त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मग न्हाई होत, अण्णा. शेतजमीन आहे.”

परकीय चलन कायद्याखालचा नियम असा की परदेशात राहणारा भारतीय असो की ओसीआय कार्डवाला, म्हणजे ईशानसारखा परदेशी पासपोर्टवरचा भारतीय वंशाचा माणूस, त्याला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकानगाळा घेता येतो, शेतजमीन घेता येत नाही. विकतही नाही आणि बक्षीसही नाही. वारसाहक्कानं आली तर चालते. म्हणजे आजोबा जिवंतपणी देऊ शकत नाहीत, मेल्यावर देऊ शकतात. दिरांनी हे दोनदा विचारून घेतलं. वकील म्हणाले, पोरगी उद्या कायमची राहायला इकडं आली तर तिची आडकाठी सुटते, कारण ती भारतीय नागरिक. पोराची तशी सुटत नाही. तो सांगलीत घर बांधून राहिला, इथल्या पोरीशी लग्न केलं, तरी कार्डावर शेत घेता यायचं नाही. वारसानं आलेलं विकायचं झालं तर तेही इथं राहणाऱ्या भारतीयालाच.

दीर खाली टपरीवर येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा संपल्यावर म्हणाले, “वैनी, आपल्या बागेत खुंट कसला है? डॉगरिज. अमेरिकेतनं आलेला. पाणी कमी पडलं, क्षार वाढलं, तरी तग धरतो म्हणून लावला. त्याच्यावर कलमाची काडी भरली तास-ए-गणेश जातीची, आपल्या बोरगावची. आता ह्या बागेचं घड मार्केटला नेल्यावर कोण म्हणतं का, ही अमेरिकन द्राक्षं?” मग स्वतःच म्हणाले, “ह्या पोराचं उलटं झालं बघा. काडी आपली, खुंट तिकडचा. आणि मामलेदार खुंट बघतो.”

त्यांना मी तेव्हा कायदा समजावत बसले नाही. इथे मात्र लिहिते, कारण ओसीआय कार्डाला ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणणारे सांगलीत पायलीला पन्नास भेटतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर सुरू झालेलं हे कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आहे. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेत घेता येत नाही. आपल्या राज्यघटनेनं आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं एका वेळी एकच देश मानलाय. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपखुशीनं घेतलं की भारताचं त्याच क्षणी गळून पडतं. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजारांहून जास्त भारतीयांनी असं नागरिकत्व सोडलं. मोठ्या माणसांनी समजून-उमजून घेतलेला निर्णय आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं लहानांबद्दल आहे. परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या मुलाला वंशानं नागरिकत्व मिळण्याची सोय कायद्यात पहिल्यापासून आहे. १० डिसेंबर १९९२ पर्यंत ती फक्त बापाकडून होती. म्हणजे मिरजेची एखादी मुलगी लंडनला नर्स म्हणून गेली, तिथे गोऱ्याशी लग्न केलं, तर तिचं मूल भारतीय नाही. तिच्या भावाने गोरीशी लग्न केलं तर त्याचं मूल भारतीय. बेचाळीस वर्षं आपण हे चालवून घेतलं, आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. आता आई किंवा बाप कुणीही चालतं, पण ३ डिसेंबर २००४ पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि नोंदणी करताना आईबापांनी लिहून द्यायचं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.

इथे गोम आहे. त्याच दुरुस्तीनं कायद्यात आणखी एक तरतूद आली: एखादं अज्ञान मूल भारताचंही नागरिक असेल आणि दुसऱ्याही देशाचं, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरं सोडायचं, नाहीतर भारताचं जाईल. वाचायला किती शहाणपणाचं आहे! अठरा वर्षांपर्यंत मुलाला दोन्ही दारं उघडी, मग त्याचं त्यानं ठरवावं. प्रत्यक्षात अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ही वेळ क्वचितच येते, कारण अमेरिकेचा नियम सांगतो की अमेरिकन नागरिकाने देशातून बाहेर पडताना आणि परत येताना अमेरिकन पासपोर्टच दाखवायचा, मग तो नागरिक दोन महिन्यांचा का असेना. आजी-आजोबांना बाळ दाखवायला आणायचं तर पासपोर्ट काढावाच लागतो, आणि तो काढला की इथली नोंदणी संपली. ईशानचं भारतीय नागरिकत्व त्याच्या बारशाच्या तिकिटापायी गेलं. अठराव्या वर्षी निवड करण्याचा जो हक्क कायद्यानं त्याच्यासाठी लिहून ठेवला होता, तो वापरायची पाळीच त्याच्यावर येणार नाही.

सिंगापूरला जन्मलेल्या एका मुलाने परत यायचा प्रयत्न केला होता. तो जन्मायच्या आधीच आईबापांनी सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेलं. आईबापांनी नागरिकत्वाचा त्याग केला तर मुलाला सज्ञान झाल्यावर वर्षभरात ते परत घेता येतं, या कलमावर त्याने बोट ठेवलं. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: आईबापांनी त्यागाचा अर्ज केलेला नाही, दुसरं नागरिकत्व घेतल्यामुळे त्यांचं आपोआप गेलंय, म्हणून हे कलम इथे चालत नाही. अक्षराला धरून निकाल बरोबरच असेल. पण ते अक्षर ज्याच्यासाठी लिहिलं तो मुलगाच मधून निसटला, हे मला पटत नाही.

आमच्या मागच्या गल्लीतल्या मुलीची तऱ्हा आणखी वेगळी. टेक्सासमध्ये जन्म, पण आईबाप ती चार वर्षांची असतानाच सांगलीला परत आले. गणपतीत ढोल वाजवणारी, ‘लै भारी’ म्हणणारी पोरगी. तिला डॉक्टर व्हायचंय, आणि मिरजेचं सरकारी मेडिकल कॉलेज घरापासून बसनं थोडक्या अंतरावर. पण ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ओसीआय विद्यार्थ्यांना नीटमध्ये फक्त एनआरआय जागांवर ढकललं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटलं की ज्यांच्याकडे त्या तारखेआधीचं कार्ड आहे त्यांना जुनी सवलत राहील. हिचं कार्ड लहानपणीचं, म्हणून ती वाचली. तिच्या धाकट्या मावसभावाचं कार्ड नंतरचं, त्याच्या आईने आतापासून एनआरआय कोट्याच्या फियांचा हिशोब मांडलाय.

हे सगळं मी एकदा दिरांना ओळीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ट्रम्पला कशाला नावं ठेवायची मग? जिथं जन्मला तिथला, हे आपल्याकडं तरी कुठं है?” होतं, भाऊजी. घटना झाली तेव्हापासून १ जुलै १९८७ पर्यंत भारतात जन्मलेलं मूल भारतीयच, आईबाप कुणीही असोत. आसामचं आंदोलन झालं, करार झाला, आणि संसदेनं अट घातली की दोघांपैकी एक तरी भारतीय हवा. २००४ च्या डिसेंबरापासून तर दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा घुसलेला नसलेला. म्हणजे ट्रम्प ज्या वाटेनं जाऊ बघतात ती आपण त्यांच्याआधीच चालून आलोय, आणि आपल्यापैकी कुणाला त्याचं सुतक नव्हतं. ईशान तिकडे जन्मला म्हणून तिकडचा झाला, याचे पेढे आम्ही गल्लीभर वाटले होते. अशाच हक्काचा इथे बंद झालेला दरवाजा कुणाच्या तोंडावर आपटला, ते बघायला आमच्या कॉलनीच्या गेटपर्यंत गेलं तरी पुरे.

कॉलनीचा वॉचमन नेपाळचा. १९५० च्या करारामुळे त्याला इथे राहायला-काम करायला व्हिसा लागत नाही. त्याची बायकोही तिकडचीच. मुलगा मात्र सांगलीच्या सिव्हिलमध्ये जन्मलेला, महापालिकेच्या शाळेत शिकून आता दहावीला. नेपाळी त्याला समजतं, बोलायला लागला की मात्र सांगलीचं हेल काढून बोलतो. सकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर पळायला जातो. त्याच्या जन्मदाखल्यावर सांगली आहे, शाळेच्या जनरल रजिस्टरात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘भारतीय’ आहे. मी अशी रजिस्टरं खूप पाहिलीत, क्लार्क वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहीत जातो. पण कायद्यानं तो भारतीय नाही. सज्ञान झाल्यावर बारा वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करायची वाट आहे, पण त्या वाटेनं जायचं तर आधी आपण परदेशी आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि त्याच्याकडे तोही कागद नाही. नेपाळमध्ये नागरिकतेचं प्रमाणपत्र सोळा वर्षं झाल्यावर जिल्हा प्रशासन कार्यालयातून मिळतं. बापाचा कागद, बाप स्वतः आणि गावच्या वॉर्डाची शिफारस, सगळं घेऊन तिथे हजर व्हावं लागतं.

सैन्यात जायचं तर नेपाळी नागरिकांना आपल्या गोरखा रेजिमेंटमध्ये १९४७ च्या करारानं जाता येतं, असं मी त्याला सांगितलं. पण २०२२ ला अग्निपथ आल्यापासून नेपाळनं ती भरती थांबवलीय. त्याला हे माझ्या आधी ठाऊक होतं. पळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सगळं येतं.

बाप मे महिन्यात त्याला घेऊन गावी जाणार आहे. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सीमा ओलांडून पुढे बस, मग वॉर्ड ऑफिस आणि जिल्ह्याचं ऑफिस. साहेब जागेवर सापडेपर्यंत महिना मोडेल असा त्याचा अंदाज. जन्मदाखला इंग्रजीत लागेल म्हणून महापालिकेतून तो काढून द्यायचं काम मी अंगावर घेतलंय. पोराची तक्रार एवढीच, की सोळाशे मीटरचा टाइम आत्ता कुठे पाच मिनिटं वीस सेकंदांवर आलाय, महिनाभर पळणं सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून.